फोनवर घर किती वेळ असावे?

‘आदरणीय बाई,

मी खानापूर तालुक्यातील एका खेड्यातली, वय २६. गावातल्या मराठी शाळेत शिकले, बेळगावात बी.एड. केले आणि दोन वर्षे एका खासगी शाळेत तुटपुंज्या पगारावर काम केल्यानंतर आठ महिन्यांपूर्वी मालदीवच्या एका लहान बेटावरील सरकारी शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून रुजू झाले. करार दोन वर्षांचा आहे. पगारातून घरचे कर्ज फिटते आहे, मुले गुणी आहेत, शाळेत कुणाचा त्रास नाही. तरीही रोज संध्याकाळी खोलीवर आले की रडू येते. मग घरी व्हिडिओ कॉल लावते आणि आई भाकऱ्या थापते ते बघत बसते. सोबतच्या दोघी शिक्षिका केरळच्या आहेत, त्या आपसात मल्याळम बोलतात. शाळेजवळ बायका रोज बाशी नावाचा खेळ खेळतात, मला बोलावतात, पण जाववत नाही. आम्ही वारकरी, गळ्यात माळ आहे. इथे जवळजवळ सगळ्या खाण्यात मासा. एका विद्यार्थ्याच्या आईने ताट झाकून पाठवले होते, ते मला खाता आले नाही. ते ताट धुऊन तसेच टेबलावर पडून आहे, परत कसे द्यावे ते कळत नाही. गणपतीत घरची आरती फोनवर बघितली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात उभे राहवेना. बाबा परड्यात पाय घसरून पडले, हे मला महिन्याने कळले. मीही घरी “मजेत आहे” असेच सांगते. थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले आहेत, ते म्हणतात, “दम धर”. गावातले म्हणतात, “नशीबवान आहेस, लोक लाखो रुपये मोजून तिकडे जातात.” मला मात्र परत यावेसे वाटते. मी कमकुवत आहे काय? करार मोडून यावे काय?’

प्रिय मुली,

तुझ्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे आधी देते. तू कमकुवत नाहीस, आणि करार मोडण्याचा निर्णय तू आत्ता, या मनःस्थितीत घेऊ नयेस असे माझे स्पष्ट मत आहे. परत येण्यात कमीपणा नाही आणि कुणाचा अपराधही नाही. पण तुझे पत्र पुन्हा पुन्हा वाचल्यावर मला असे वाटू लागले आहे की ज्या बेटाला तू कंटाळली आहेस, त्या बेटावर तू अजून पुरती पोचलेलीच नाहीस. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचा तुझा सगळा वेळ खानापूरच्या स्वयंपाकघरात जातो, आणि तिथेही तू नसतेस, कारण तू फक्त बघत असतेस.

मालदीवचे घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा अवघा अर्धा तास मागे आहे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये नोकरीला गेलेल्या मुलामुलींना घरची आठवण आली तरी फोन करण्याआधी थांबावे लागते, कारण त्या वेळी इकडे मध्यरात्र झालेली असते किंवा सगळे कामात असतात. तेवढ्या वेळात ती मुले नाइलाजाने का होईना उठतात, दाराबाहेर पडतात, कुणाशी तरी दोन शब्द बोलतात. तुला थांबावे लागतच नाही. तू खोलीवर येतेस तेव्हा आई चुलीपाशी बसलेली असते, तू जेवतेस त्या सुमारास घरीही पाने वाढलेली असतात आणि तू अंथरुणावर पडतेस तेव्हा बाबा दाराला कडी घालत असतात. ही सोय आहे असे वरवर पाहता वाटते, पण माझ्या मते तुझ्या दुखण्याचा मोठा भाग याच सोयीत आहे. घर रोज डोळ्यांसमोर येते, त्यामुळे त्याची आठवण जुनी होत नाही, आणि हाताला मात्र काहीच लागत नाही.

आता एका गोष्टीकडे तुझे लक्ष वेधते. रोज तासन्‌तास तुला घर दिसत होते आणि तरीही बाबा पडल्याचे तुला महिन्याने कळले. भाकरी दिसली, तवा दिसला, अंगणातली म्हैस दिसली, पण घरात त्या महिन्यात घडलेली सर्वांत मोठी गोष्ट दिसली नाही. कारण आईने फोन अशा कोनात ठेवला असणार की बाबांची खाट त्यात येणार नाही. तुझ्याकडूनही तेच झाले. तू रडून झाल्यावर तोंड धुऊन मगच कॉल लावत असणार, याबद्दल मला शंका नाही. ‘मी जेवलो, तू जेवलीस काय?’ असे आई विचारते, तू ‘होय की’ म्हणतेस, आणि दोघीही एकमेकींना जपण्याच्या नादात एकमेकींपासून दूर जाता. एवढा वेळ फोन चालू असण्याचे हेही एक कारण आहे. खरे बोलणे झाले असते तर पंधरा-वीस मिनिटांत मन हलके झाले असते. ते होत नाही म्हणून फोन ठेवावासा वाटत नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की आजच घरी सांग, ‘यापुढे दुखणे-खुपणे त्याच दिवशी कळवायचे, आणि मीही कळवीन.’ त्यानंतर संध्याकाळी तुला रडू येते हे आईला स्वतःच्या तोंडाने सांग. ती दोन दिवस अस्वस्थ होईल, कदाचित ‘ये बाई परत’ असेही म्हणेल. ते ऐकून घे, लगेच त्यावर काही ठरवू नकोस. आईला तुझ्या आवाजावरून हे आधीच कळलेले आहे, फक्त ते बोलायची परवानगी तिला तुझ्याकडून मिळालेली नाही. काकांनाही एकदा वेगळा फोन कर. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील कितीतरी घरांतून माणसे सैन्यात गेली, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्रच बेळगावात आहे, त्यामुळे घरापासून वर्षानुवर्षे लांब राहण्याचा अनुभव आपल्या भागाला नवा नाही. मात्र त्यावर बोलण्याची पद्धत आपल्याकडे पडली नाही. काका ‘दम धर’ एवढेच म्हणतात, कारण त्यांना कुणी त्यापुढे विचारलेले नसते. पहिल्या वर्षी रात्री झोप लागत होती का, सणाच्या दिवशी पलटणीत काय करत असत, सुट्टी संपवून परत निघताना स्टेशनवर काय वाटायचे, असे नेमके प्रश्न त्यांना विचार. मला खात्री आहे की ते तुझ्याशी मोकळेपणाने बोलतील, आणि त्यांच्या सांगण्याला जे वजन असेल ते माझ्या सल्ल्याला असणार नाही.

दुसरी सूचना फोनच्या वेळेची आहे. फोन बंद कर असे मी मुळीच म्हणत नाही. रोज रात्री जेवण झाल्यावर वीसेक मिनिटे बोल, आणि शक्यतो चित्राशिवाय, फक्त आवाजावर बोल. चित्र नसले की माणूस आपोआप काहीतरी सांगू लागतो. मोठा व्हिडिओ कॉल आठवड्यातून एकदाच ठेव. तुझी सुट्टी शुक्रवार-शनिवारची आणि घरची रविवारची, त्यामुळे रविवारी सगळे जमलेले असताना तू वर्गात असतेस आणि तुझ्या शुक्रवारी घरी कुणी रिकामे नसते; हा तिढा मोठा आहे, पण आपल्याकडे शनिवारी शाळा सकाळची असते, तेव्हा शनिवारची दुपार दोन्हीकडच्यांना सोयीची पडेल. मधल्या काळात, म्हणजे शाळा सुटल्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत, फोन खोलीत ठेवून तू बाहेर पडायचे. पहिले आठ-दहा दिवस हे फार जड जाईल.

माझ्या ओळखीचे निपाणीकडचे एक शिक्षक तरुणपणी इथिओपियात होते. १९६० आणि ७० च्या दशकांत भारतातून पुष्कळ शिक्षक तिथल्या शाळांत गेले होते. पत्र घरी पोचायलाच तेव्हा आठवडे लागत. ते सांगत असत की पत्र लिहिण्यासाठी त्यांनी आठवड्यातला एक दिवस नेमला होता आणि बाकीचे दिवस त्या गावाचे होते. त्यांच्याजवळ दुसरा मार्गच नव्हता, हे मला मान्य आहे. तुझ्याजवळ आहे, म्हणून ती मर्यादा तुला स्वतः घालून घ्यावी लागेल, आणि बाहेरून आलेल्या मर्यादेपेक्षा ती अधिक कठीण असते.

आता त्या ताटाविषयी लिहिते, कारण तुझ्या सबंध पत्रात मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटले. एका विद्यार्थ्याच्या आईने आपल्या मुलाच्या बाईंसाठी काहीतरी रांधले, ते झाकून पाठवले, आणि तुला ते खाता आले नाही म्हणून तू ते ताट धुऊन टेबलावर ठेवलेस. ते परत देताना काय बोलावे, हे तुला कळत नाही. आपल्याकडे शेजारणीचे भांडे रिकामे परत करत नाहीत, ही रीत तुझ्या हाडामासात आहे. तू अडकून पडली आहेस ती याच रीतीमुळे, आणि सुटकाही तिच्यातच आहे. येत्या शुक्रवारी त्या ताटात शिरा कर, किंवा नारळाच्या वड्या कर. नारळ, साखर आणि रवा या वस्तू तुला बेटावरच्या दुकानात मिळतील. ताट घेऊन स्वतः जा, मुलाच्या हाती पाठवू नकोस. माळेमुळे तू मासा खात नाहीस हे सरळ सांग. तिथल्या दिवेही भाषेत ते वाक्य कसे म्हणायचे हे वर्गातल्या मुलांकडून आधी पाठ करून घे. धर्माच्या नियमापायी एखादा पदार्थ वर्ज्य असणे ही गोष्ट तिथल्या लोकांना समजावून सांगावी लागणार नाही, कारण हलाल-हरामचे नियम ते स्वतः रोज पाळतात. तू न सांगता गप्प राहिलीस तर मात्र त्या बाईला वाटत राहील की तिचे अन्न तुला आवडले नाही.

यानंतर काय होईल तेही सांगते. पुढच्या वेळी ती बिनमाशाचे काहीतरी पाठवील. नीरफणसाचे तळलेले काप तिथे घरोघरी होतात. कोकणात आणि आपल्या घाटमाथ्यावरही नीरफणस खातात, तेव्हा ती चव तुला परकी वाटणार नाही. शेवग्याचा पाला आणि कढीपत्ता त्यांच्याही स्वयंपाकात असतो. तांदूळ, पीठ, डाळ, कांदा, बटाटा यांसारख्या वस्तू भारत १९८१ च्या व्यापार करारानुसार मालदीवला ठरलेल्या प्रमाणात पाठवत आला आहे, म्हणून तुझ्या बेटावरच्या दुकानातला कांदा आपल्याच बाजूचा असण्याचा संभव बराच आहे. तांदळाचे पीठ मिळाले की तू स्वतः भाकरी थाप. आईची भाकरी फोनवर बघण्यापेक्षा आपली जाडी-भरडी, कडेला चिरलेली भाकरी तव्यावर टाकणे तुला अधिक तृप्त करील. वास येतो, चटका बसतो, पोट भरते. सुट्टीला येशील तेव्हा परत जाताना कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि आमसुले ने; बेळगावच्या कुंद्याच्या मिठाईचा मोह आवर, तो दमट हवेत टिकणार नाही.

केरळच्या मैत्रिणींबद्दल तू थोड्या रागाने लिहिले आहेस. त्यांच्यात बसून परके वाटणे किती त्रासाचे असते याची मला कल्पना आहे, तरी त्या तुला टाळतात असे तुझ्या पत्रातून दिसत नाही. बेळगावच्या कुठल्याही कचेरीत दोन मराठी माणसे भेटली की शेजारी कन्नड माणूस बसलेला असला तरी बोलणे मराठीतच वळते, आणि त्यात कुणाचा अपमान करण्याचा हेतू नसतो. थकलेला माणूस आपल्या भाषेत टेकतो. त्या दोघीही थकलेल्या आहेत. गणपतीच्या सुमारासच त्यांचा ओणम येतो. तू फोनवर आरती बघत होतीस त्या दिवसांत त्यांचाही सण घरापासून लांबच गेला असेल, आणि एका छपराखाली राहून तिघींनी आपापले सण आपापल्या फोनमध्ये केले असतील, या विचाराने मला फार वाईट वाटले. त्यांना विचार. पुढच्या वर्षी सण जवळजवळ आले तर एक दिवस तुझ्या खिरीचा आणि एक दिवस त्यांच्या सद्येचा, म्हणजे ओणमच्या जेवणाचा, ठरवा.

सीमाभागात वाढल्याचा एक लाभ तुझ्यापाशी आहे, तो तू विसरली आहेस. तू घरी मराठी बोललीस, शाळेत कन्नड विषय शिकलीस, तहसील कचेरीत आणि बसस्थानकात कन्नडमध्ये व्यवहार केलेस, बी.एड.ला इंग्रजीतून पाठ घेतलेस. १९५६ च्या भाषावार राज्यरचनेपासून आपल्या भागाने या प्रश्नावर खूप सोसले आहे आणि मराठीसाठीचा आपला आग्रह रास्तच आहे. त्याचबरोबर हेही खरे आहे की आपल्यातला अर्धशिक्षित माणूसही दोन-तीन भाषांत निभावून नेतो. पुण्यात वाढलेल्या एखाद्या मुलीला हे इतके सहज जमणार नाही. दिवेही ही सिंहलीच्या नात्यातली भाषा आहे, संस्कृतशी तिचे जुने नाते आहे, आणि तिथले एक ते दहा आकडे नीट ऐकलेस तर गणिताच्या बाईंना ते लवकर पाठ होतील. लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, तिची घाई करू नकोस. रोज तासाच्या शेवटी दोन मिनिटे मुलांना तुझे शिक्षक होऊ दे. तू चुकलीस की ती हसतील. त्या हसण्याने तुझ्याविषयीचा आदर तिळभरही कमी होणार नाही, हे मी शाळेत सबंध आयुष्य काढल्यावर लिहिते आहे.

बाशीच्या खेळाविषयी मी थोडी माहिती काढली. जाळीकडे पाठ करून एक बाई रॅकेटने टेनिसचा चेंडू मागे उडवते आणि पलीकडच्या बायका तो हातांनी झेलतात, असा तो खेळ आहे. त्यात भाषा फारशी लागत नाही, चेंडू सुटला तर सगळ्याच हसतात, आणि तो नेमका त्याच वेळेला चालतो जी वेळ तुला खायला उठते. पहिल्या दिवशी नुसती कडेला बस. खेळायला उतरायचे की नाही, ते नंतर बघ.

गणपतीचे दुःख वेगळे आहे आणि त्यावर माझ्याकडे पुरता उपाय नाही. मालदीवमध्ये पूजेसाठी मूर्ती नेण्यास कायद्याने बंदी आहे आणि इस्लामखेरीज अन्य धर्माचे सार्वजनिक आचरण तिथे करता येत नाही. तू त्या देशाची पाहुणी आहेस, तिथल्या मुलांची शिक्षिका आहेस, तेव्हा हा नियम मनापासून पाळावा, आडवाटेने काही करू नये. नामस्मरणाला मूर्ती लागत नाही, हे वारकऱ्याच्या घरातल्या मुलीला मी काय सांगावे? चतुर्थीला पहाटे उठून अंघोळ कर, मनातल्या मनात हरिपाठ म्हण, काहीतरी गोड कर आणि शाळेत जा. घरची पूर्ण आरती फोनवर बघू नकोस. झांजांचा आवाज कानात असतो आणि आपण खोलीत एकटे असतो, त्या अवस्थेतून बाहेर यायला दिवस लागतात, हे तू अनुभवले आहेस. त्याऐवजी रात्री एका कुणाला तरी, शक्यतो घरातल्या लहान मुलाला, फोन करून दिवसभरात काय काय झाले ते विचार; गणपतीवर टांगलेल्या माटवीला या वर्षी काय बांधले, मोदक कुणी फोडले, पाऊस किती होता, हे त्याच्या तोंडून ऐक. ऐकलेला सण सोसवतो. आणि रमजानच्या महिन्यात तिथे दिवसा लोक उपाशी असतात, तेव्हा चारचौघांत पाणीही पिऊ नये. वर्गातली मोठी मुले रोजे धरत असतील, त्यांना त्या दिवसांत अवघड प्रकरणे सकाळच्या तासांना शिकव. ही काळजी त्यांच्या आयांच्या लक्षात राहते.

गावकऱ्यांच्या ‘नशीबवान’ या शब्दाचे ओझे मात्र तू उतरवून ठेव. मालदीवच्या सुमारे १२०० बेटांपैकी २०० पेक्षाही कमी बेटांवर लोकवस्ती आहे आणि जाहिरातींत दिसणारी रिसॉर्टे बहुतेक स्वतंत्र बेटांवर असतात. तू राहतेस ते गाव आहे, तिथे दवाखाना, मशीद, शाळा, किराणा दुकान आणि समुद्र खवळला की बंद पडणारी बोट आहे. आपल्या माणसांनी फक्त जाहिरात पाहिली आहे. त्यांचा दोष नाही आणि त्यांना पटवून देण्याची जबाबदारीही तुझ्यावर नाही. निळ्या पाण्याच्या फोटोंऐवजी एकदा तुझ्या वर्गाच्या फळ्याचा फोटो घरी पाठवून बघ. मुलांचे फोटो मात्र त्यांच्या पालकांना विचारल्यावाचून पाठवू नयेत.

तुझे आठ महिने हा काळच कठीण असतो, असे म्हणायला काही आधार आहे. स्व्हेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन समाजशास्त्रज्ञाने १९५५ साली, अमेरिकेत राहून आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन अभ्यासकांच्या अनुभवांवरून असे मांडले की सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहिलेले लोक बरे रुळले होते, मधल्या काळातले सर्वांत कमी. पुढच्या अभ्यासकांना हा नियम सर्वांना लागू पडताना दिसला नाही, म्हणून तो पंचांगासारखा मानू नकोस. पण नव्याची नवलाई ओसरलेली असते आणि सवय अजून झालेली नसते, अशी एक मधली पोकळी येते, आणि तू सध्या तिथे आहेस, एवढे त्यातून घ्यायला हरकत नाही.

काही खुणा मात्र वेगळ्या असतात आणि त्या दिसल्या तर माझे वरचे सगळे लिहिणे बाजूला ठेव. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, वजन उतरते आहे, एरवी आवडणारे शिकवणेही नकोसे झाले आहे, किंवा जगूच नये असा विचार एकदा जरी मनात आला, तर त्याच दिवशी बेटावरच्या आरोग्य केंद्रात जा, मुख्याध्यापकांना सांग, घरी सांग. अशा वेळी करार, कर्ज, लोक काय म्हणतील, यांतले काहीही तुझ्या जिवापेक्षा मोठे नाही. पहिल्या विमानाने परत ये. तसेच पगार अडवणे, पासपोर्ट काढून घेणे असा प्रकार कुणाच्या बाबतीत घडला तर माले येथील भारतीय उच्चायोगाकडे दाद मागता येते, हे तिथल्या प्रत्येक भारतीय शिक्षिकेला माहीत असावे.

हे काही नसेल, तर परत येण्याचा निर्णय वार्षिक सुट्टीनंतर घे, आणि सुट्टीवरून परतल्यावरच्या पहिल्या महिन्यात अजिबात घेऊ नकोस, कारण तो महिना प्रत्येकाला असह्य वाटतो. तोपर्यंत करारपत्र शांतपणे वाचून ठेव: राजीनाम्याची पूर्वसूचना किती दिवसांची, परतीचे तिकीट कुणाकडे, मधेच सोडल्यास काही भरावे लागते का. इथे आल्यावर काय करणार याचाही आत्ताच विचार कर. त्या खासगी शाळेतला पगार आणि घरचे कर्ज यांचा मेळ बसत नव्हता म्हणूनच तू गेलीस; ते कारण अजून संपलेले नाही. कर्नाटकातली शिक्षक पात्रता परीक्षा द्यायची असेल तर तिथल्या मोकळ्या शुक्रवारी अभ्यास होऊ शकतो, आणि हाती काहीतरी घेऊन परतणे नुसते पळून येण्यापेक्षा तुझ्या मनाला पुढे बरे वाटेल. दोन वर्षे पुरी करून आलीस तर अनुभवाचा दाखलाही पक्का असेल.

शेवटची सूचना तुझ्या आईसाठी आहे, आणि ती तू तिला वाचून दाखव. मालदीवला पर्यटक म्हणून येणाऱ्यांना विमानतळावर उतरल्यावर ३० दिवसांचा व्हिसा विनाशुल्क मिळतो. त्यासाठी वैध पासपोर्ट, परतीचे तिकीट आणि मुक्कामाची निश्चित जागा लागते. प्रवासाच्या ९६ तास आधीपासून एक ऑनलाइन अर्जही भरावा लागतो, तो तू तिकडून भरून देऊ शकशील. बेटावर गेस्टहाऊस असेल तर तिथे चौकशी कर, आणि तिला तुझ्या खोलीवर ठेवता येईल का हे शाळेत विचारून घे. विमान बंगळूरहून मिळते. पासपोर्टसाठी बेळगावातल्या टपाल कार्यालयाच्या केंद्रात काम होते, आणि आधार कार्डावरचे नाव व जन्मतारीख इतर कागदांशी जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करावे लागते, ज्यात आपल्याकडच्या वयस्क बायकांचे महिने जातात, म्हणून ते काम या आठवड्यातच सुरू करावे. सुगी संपल्यावर, बाबांचा पाय बरा झाला की दोघांनीही यावे. तू तिला शाळा दाखव, त्या विद्यार्थ्याच्या आईकडे घेऊन जा, बाशी खेळणाऱ्या बायकांत बसव. ती परत गेल्यावर फोनवर ‘आज कुठे गेली होतीस?’ असे विचारील, तेव्हा तू सांगशील ते ठिकाण तिने पाहिलेले असेल. तिचा अर्ज भरला की मला कळव.

तुझी,
बाई